तापलेल्या खोलीतील योग : पोथी, पाठांतर आणि मालकी

योग पुस्तकातून शिकू नये, तो गुरुमुखातूनच घ्यावा, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. वास्तविक विसाव्या शतकात आसने ज्या रूपात जगभर पसरली, ते रूप घडविण्यात छापील पुस्तकाचा आणि छायाचित्राचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेत 'हॉट योगा' म्हणून लोकप्रिय झालेल्या प्रकाराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण पुस्तकात नेमके काय उतरते आणि शिक्षकाजवळ काय उरते, हा प्रश्न तेथे थेट न्यायालयापर्यंत गेला.

ज्यांनी हा वर्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. खोलीचे तापमान १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४०.५ अंश सेल्सिअस. आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास. नव्वद मिनिटांत सव्वीस आसने आणि श्वसनाचे दोन प्रकार, कधीही न बदलणाऱ्या क्रमाने, बहुतेक आसने दोनदा. आरंभी उभ्याने दीर्घ श्वसन, मग अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन अशी उभ्याने करावयाची आसने, नंतर जमिनीवरची, आणि शेवटी वज्रासनात बसून कपालभाती. समोर भिंतभर आरसा. शिक्षक सहसा आसन करून दाखवीत नाही. तो केवळ बोलतो. मराठी वाचकाला या यादीत दोन गोष्टींची उणीव जाणवेल. एक, तीत सूर्यनमस्कार नाहीत. दुसरे, शीर्षासन आणि सर्वांगासन, ज्यांना आपल्याकडे आसनांचे राजाराणी मानण्याची पद्धत आहे, ती दोन्ही नाहीत.

ही यादी आली कलकत्त्याहून. तेथे बिष्णुचरण घोष (१९०३-१९७०) यांनी १९२३ साली शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. घोष हे परमहंस योगानंद यांचे धाकटे बंधू. थोरल्याने १९२० साली अमेरिका गाठली आणि पुढे टपालाने धाडलेल्या पाठांतून साधना शिकविण्याचा मोठा व्याप उभा केला. धाकट्याने देहाचा मार्ग धरला. १९३० साली घोष यांनी केशव सेनगुप्त यांच्यासह स्नायूंवरील नियंत्रणाविषयी इंग्रजीत सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची जातकुळी हठयोगाच्या पोथ्यांपेक्षा युजीन सँडो आणि मॅक्सिक या युरोपीय बलोपासकांच्या पुस्तकांशी अधिक जुळते. घोष यांचे शिष्य मनोतोष राय १९५१ च्या 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. दुसरे शिष्य बुद्ध बोस यांनी १९३९ साली आसनांवर छायाचित्रांचे पुस्तक काढले. बलोपासना, शरीरसौष्ठव, जादूच्या खेळांसारखी शक्तिप्रदर्शने आणि आसने ही सारी या आखाड्यात एकत्र नांदत होती. ती वेगळी काढून 'शुद्ध योग' शोधू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

हा प्रकार बंगालपुरता नव्हता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम सँडो यांचीच पुस्तके आणि साधने मागवून वर्षानुवर्षे त्या पद्धतीचा व्यायाम केला, आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले. (सँडो यांचे नाव मराठीत आज बनियनपुरते उरले आहे, हा काळाचा विनोद.) पंतप्रतिनिधींचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून नव्या रूपात निघाले आणि ज्यांनी औंधचे नाव कधी ऐकले नव्हते अशा इंग्रज घरांत पोहोचले. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले. संस्था आणि छापील अंक एकदमच जन्माला आले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार शिक्षकाच्या प्रत्यक्ष हाताला आणि नजरेला किती महत्त्व देत हे सर्वश्रुत आहे. पण १९६६ च्या त्यांच्या 'लाइट ऑन योग' या ग्रंथाच्या अखेरीस तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम दिलेला आहे. तीनशे आठवडे म्हणजे जवळजवळ सहा वर्षे. गुरूवाचून शिकता येतच नाही असे ज्याचे ठाम मत असेल, तो सहा वर्षांचे वेळापत्रक कोणासाठी छापील?

घोष यांच्या कलकत्त्यातील पद्धतीचा एक विशेष मात्र पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावा लागेल. तेथे दुखणे घेऊन येणाऱ्याला त्याच्यापुरती आसने नेमून दिली जात. वैद्याने औषध लिहून द्यावे तशी. मधुमेह्याची यादी वेगळी, पाठदुखीवाल्याची वेगळी. आणि खोली तापविण्याचा प्रश्नच नव्हता. कलकत्त्यात खोली तापवायला कोण जाईल?

१९४४ साली जन्मलेले बिक्रम चौधरी हे याच परंपरेतून आले. आपल्या तरुणपणातील पराक्रमांविषयी आणि अजिंक्यपदांविषयी त्यांनी सांगितलेल्या कित्येक गोष्टींवर पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवू. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेत आले, बेव्हर्ली हिल्स येथे त्यांनी वर्ग चालविले आणि १९७९ साली आरंभिक वर्गाचे पुस्तक प्रसिद्ध केले. सव्वीस आसने, दोन श्वसनप्रकार, छायाचित्रे, रेखाटने, आणि शिक्षक समोर उभा राहून टोमणे मारतो आहे अशी बोलकी भाषा. कलकत्त्यात जी प्रत्येकाची निराळी चिठ्ठी होती, तिची येथे सर्वांसाठी एकच छापील यादी झाली. माझ्या मते या पद्धतीच्या इतिहासातील निर्णायक वळण हे आहे, उष्णता नव्हे.

तरीही उष्णतेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण नाव तिचेच झाले. जपानमधील थंडीत शिकविताना हीटर लावले, त्याचा उपयोग दिसला, आणि पद्धत रूढ झाली, अशी हकिकत सांगितली जाते. तापलेल्या खोलीत भारतातील हवामान साकारते हे त्याचे समर्थन. आता भारतात आसने करणारा माणूस पहाटे उठून, ऊन चढण्यापूर्वी ती उरकतो, हे अमेरिकेतील विद्यार्थ्याला कोणी सांगितले नसावे. ग्रंथाधार पाहू गेल्यास स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत घामाचा उल्लेख आहे. पण तो प्राणायामाच्या अभ्यासातून आतून येणारा घाम आहे, आणि तो पुसून न टाकता अंगावर चोळावा असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात साधकाने अग्निसेवन, म्हणजे शेकोटीजवळ बसणे, टाळावे असाही निर्देश आहे, आणि तो विशेषतः अभ्यासाच्या आरंभी. ज्या वर्गाच्या नावातच 'आरंभिक' आहे तो विस्तवासारख्या खोलीत भरावा, ही विसंगती पोथी उघडून पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात आली असती.

आधुनिक प्रयोगांचा कौलही उष्णतेच्या बाजूने ठामपणे पडलेला नाही. घामाने शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. त्यामुळे घाम गाळल्याचे समाधान मिळते, पण शरीराचे आतील तापमान चढत राहते. २०१५ साली अमेरिकेत झालेल्या एका लहान पाहणीत काही अभ्यासकांचे आतील तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले आढळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात हाच आसनक्रम बारा आठवडे तापलेल्या आणि साध्या खोलीत करवून घेतला, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या कार्यात झालेली सुधारणा दोन्हीकडे दिसून आली. म्हणजे लाभ आसनांचा होता. उष्णतेने त्यात विशेष भर घातली असे दिसले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९९४ पासून चौधरींनी शिक्षक घडविण्याचे वर्ग सुरू केले. हॉटेलांच्या मोठ्या दालनांत शेकडो उमेदवार कित्येक आठवडे राहत. त्यासाठी हजारो डॉलर मोजत. शिकायचे काय? शरीररचना आणि आसने होतीच. पण मुख्य कसोटी होती ती 'डायलॉग' नावाच्या संहितेच्या पाठांतराची. कोणत्या क्षणी शिक्षकाने कोणते वाक्य उच्चारायचे, हे तीत ठरलेले. चौधरींच्या इंग्रजीच्या लकबीसुद्धा तीत जशाच्या तशा होत्या, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे शिक्षकही त्या घोकत. आपल्याकडील वेदपाठशाळेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की तेथे मुखपाठातून पोथी झाली, येथे पोथीतून मुखपाठ.

या पद्धतीची सरसकट टवाळी करणे मला योग्य वाटत नाही. नवख्या, संकोची, वजनदार किंवा वयस्क माणसाला कोणत्याही शहरात तोच वर्ग मिळतो, पुढे काय येणार हे ठाऊक असते, आणि कालच्यापेक्षा आज गुडघा किती सरळ झाला हे त्याचे त्याला मोजता येते. पण संहिता ठरल्या गतीने पुढे सरकते. समोरच्याला घेरी येत असली तरी पुढचे वाक्य तयारच असते. शिक्षकाची नजर ही एकच गोष्ट पुस्तकात उतरू शकत नव्हती, आणि नेमकी तीच या शिक्षणात दुय्यम ठरली. ज्याला आपण गुरुमुख म्हणतो, ते येथे केवळ मुख झाले.

ज्याचे असे पाठांतर होऊ शकते, ते कोणीही घेऊन जाऊ शकतो. चौधरींना हे कळले असावे. २००२ साली त्यांनी १९७९ च्या पुस्तकाला जोडून आसनांच्या क्रमाचीही प्रताधिकारासाठी नोंदणी केली आणि परवान्यावाचून शिकविणाऱ्यांवर दावे लावले. त्यांच्याकडेच शिकून बाहेर पडलेल्या दोन शिक्षकांच्या स्टुडिओविरुद्धचा दावा अपील न्यायालयात गेला, आणि ८ ऑक्टोबर २०१५ रोजी निकाल लागला : पुस्तकातील शब्द आणि चित्रे यांना संरक्षण आहे, पण आसनांचा क्रम ही आरोग्यासाठीची एक पद्धत आहे, आणि पद्धतीवर प्रताधिकार नसतो. क्रम सुंदर आहे किंवा नृत्यासारखा आहे, हा युक्तिवादही मान्य झाला नाही. आधार घेतला होता तो १८७९ च्या हिशेबवहीसंबंधीच्या एका जुन्या खटल्याचा. जमाखर्चाची पद्धत शिकविणारे पुस्तक लेखकाचे. जमाखर्च मात्र सर्वांचा.

भारतीय वृत्तपत्रांनी हे सारे प्रकरण 'योगाचे पेटंट' म्हणून रंगविले. ते पेटंट नव्हे, प्रताधिकार होता, आणि या दोहोंत फार अंतर आहे. आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आसनांची नोंद करून ठेवली हे उत्तम झाले. पण तीही शेवटी संहितेचीच वाट आहे. परंपरा मौखिक आहे असे सांगत आपणही पुरावा म्हणून पोथीच पुढे केली.

निकाल लागण्याच्या आधीपासूनच, २०१३ पासून, अनेक स्त्रियांनी चौधरींवर लैंगिक अत्याचाराचे आरोप करीत दिवाणी दावे दाखल केले होते. त्यांनी आरोप नाकारले. जानेवारी २०१६ मध्ये लॉस एंजलिसच्या ज्यूरीने त्यांच्या माजी कायदेविषयक सल्लागार महिलेच्या बाजूने, लैंगिक छळ आणि सूडबुद्धीने केलेली बडतर्फी यांबद्दल, सत्तर लाख डॉलरपेक्षा अधिक भरपाई ठरविली. भरपाई न देता ते देशाबाहेर गेले आणि मे २०१७ मध्ये त्यांच्या अटकेचे वॉरंट निघाले. प्रशिक्षणाच्या त्या दालनात उंच आसनावर बसलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन होते, ते क्रमाचे नव्हते, व्यक्तीचे होते. शिक्षक होण्याचा दाखला त्याच्याच हातून मिळायचा, स्टुडिओ काढण्याची परवानगीही त्याचीच. मग तक्रार कोणाकडे करायची? गुरूवाचून विद्या नाही हे वचन अशा ठिकाणी विद्येच्या रक्षणासाठी वापरले जात नाही, तर तोंड बंद ठेवण्यासाठी वापरले जाते.

अनेक स्टुडिओंनी त्यानंतर पाटीवरचे नाव पुसले. काहींनी नुसते 'हॉट योगा' लिहिले, काहींनी 'सव्वीस आणि दोन'. खोली तेवढीच तापते, आरसे तेथेच आहेत, अर्धचंद्रासन पहिले आणि कपालभाती शेवटी. हे शक्य झाले ते १९७९ मध्ये कोणीतरी तो क्रम लिहून ठेवला होता म्हणून. आसने कोणीही शिकवावीत. पुस्तकातील वाक्ये मात्र अजूनही प्रताधिकाराखाली आहेत, त्यामुळे ती सांगण्यासाठी शिक्षकाला स्वतःचे शब्द शोधावे लागतात, आणि शब्द शोधण्यासाठी समोरच्या माणसाकडे पाहावे लागते.