लाकडी शेड, कोठा आणि बागेतील मांडव : परवानगी कोठे लागते?

घरामागे लाकडी खांबांवर पत्र्याची शेड, शेतात गुरांसाठी कोठा किंवा अंगणात बसण्यासाठी छप्पर असलेला मांडव उभारताना परवानगीचा विचार फारसा कोणी करत नाही. लाकडाचे बांधकाम ते कच्चे, आणि कच्च्याला परवानगी नको, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा मात्र बांधकाम कशाचे आहे हे पाहतच नाही.

वाशीम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर या नगरपालिका आणि मालेगाव व मानोरा या नगरपंचायतींना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू आहे. त्यातील 'इमारत' या शब्दाच्या व्याख्येत घराबरोबरच बाह्यगृह, तबेला, शेड व झोपडी यांचाही समावेश आहे. मग ती विटांची असो, लाकडाची, मातीची वा धातूची, आणि तेथे माणूस राहत असो वा नसो. त्यामुळे नवी उभारणी करण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यांकडे रीतसर सूचना व नकाशा देणे क्रमप्राप्त ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये काही सवलती आहेत. घराला जोडून असलेल्या इमारतीचा वा जागेचा घराला पूरक असा वापर करण्यास परवानगी लागत नाही, ही त्यांपैकी एक. मात्र ही सवलत वापराची आहे, नव्या उभारणीची नव्हे. या फरकाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते.

'हे तर तात्पुरते आहे' हा बचाव तर अधिकच घातक ठरू शकतो. विनापरवाना कायम बांधकामाबाबत कलम ५३ ची नोटीस आल्यास ते कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करण्याची वाट तरी खुली असते. तात्पुरत्या स्वरूपाच्या अनधिकृत बांधकामास कलम ५५ लागू होते. त्याखाली आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत ते काढून टाकण्यास सांगता येते, न काढल्यास ते सरळ हटविण्याची तरतूद आहे, आणि कोणते बांधकाम तात्पुरते याविषयी नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे आपणच आपल्या शेडला तात्पुरती म्हणावे आणि आपलाच बचाव गमवावा, असा हा प्रकार आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतांश शहरांसाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. शेडच्या बाबतीत खरी अडचण उद्भवते ती सामासिक अंतराची. हवा, उजेड व अग्निशमनासाठी इमारतीभोवती जी जागा मोकळी सोडावी लागते, नेमकी तीच गाडी वा सरपण ठेवण्यासाठी सोयीची वाटते. तेथे खांब रोवण्यापूर्वी मंजूर नकाशा एकदा पाहावा. वेल चढविण्यासाठी बांबूचा उघडा मांडव घातला तर व्यवहारात त्याची कोणी दखल घेत नाही. परंतु त्यावर पत्रे आले आणि बाजू बंद झाल्या की स्वरूप बदलते.

शेतातील कोठ्याचे गणित वेगळे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ नुसार शेतकऱ्यास आपल्या जमिनीवर शेतघर बांधण्याचा हक्क आहे. अवजारे, खत, चारा वा शेतमाल साठविणे, गुरे बांधणे, कुटुंबीय वा गड्यांचा निवास हे सारे त्यात येते. मात्र नगरपालिकांच्या हद्दीत व तिच्या भोवतीच्या ठरावीक पट्ट्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते, आणि धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे एक एकरापेक्षा, कमी असल्यास ती दिली जात नाही. तेथेच दुकान थाटल्यास ते शेतघर राहत नाही. गावठाणात बांधायचे असल्यास १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते.

लाकूड कोठून आणले, हाही प्रश्न कायद्याचाच. शेताच्या बांधावरील साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ आदी झाडे १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या मालकीचे झाड असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते. बाभूळ व कडुनिंब त्या अनुसूचीत नाहीत. शहराच्या हद्दीत मात्र १९७५ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे. बांबूची स्थिती अधिक सुकर झाली, कारण २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या सहाव्या भागात लाकूड व बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. लाकडी सांगाड्याच्या रचनेसाठी भारतीय मानक ८८३ व लाकूड टिकविण्यासाठी ४०१ ही मानके उपलब्ध आहेत. खेड्यातील सुताराने ती वाचावीत अशी अपेक्षा नाही. पण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत त्यांचा आशय उपयोगी पडतो. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे सरळ जमिनीत गाडलेला खांब कलतो, आणि बुडाला उधई लागते ती वेगळीच. खांब काँक्रीटच्या उथळ्यावर, जमिनीपासून थोडा वर, लोखंडी पट्टीने जखडून उभा करावा. कोपऱ्यांत तिरपे आधार द्यावेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या, पण काही घरांतील लाकडी खणांचे सांगाडे उभे राहिले. छपराचे पत्रे मात्र जे-हुकांनी आडव्या वाशांना घट्ट आवळलेले हवेत. मे महिन्यातील वावधनात सर्वप्रथम तेच उडतात. तुराटी वा पऱ्हाटीच्या कुडाच्या भिंती असतील, तर चूल व विजेची उघडी जोडणी तेथे नसावी.