गिअरबॉक्सची नाडी

ट्रकचा गिअरबॉक्स बिघडलाय हे ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसल्या बसल्या कळतं. नेमकं काय बिघडलंय हे मात्र ओळखावं लागतं. खोलून बघायचं तर जड लोखंडी डबा चेसिसखालून उतरवावा लागतो, आणि त्यात दिवस जातो. म्हणून न खोलता निदान करणारा मिस्त्री गॅरेजमध्ये सगळ्यात मानाचा. हे निदान गेल्या नव्वद वर्षांत कुठून कुठे गेलं, ते मी आमच्या कळंबमधून सांगतोय. इथे त्याची किंमत लगेच कळते. कारखान्याच्या वाटेवर उसाचा ट्रक बंद पडला, की ऊस उभ्या उभ्या वाळतो आणि वजन घटतं.

मांजरेकाठचं कळंब १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्या काळातल्या जड गाड्यांच्या गिअरबॉक्सला ‘क्रॅश’ म्हणत, आणि नाव अगदी बरोबर होतं. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांत बसवायचं काम ड्रायव्हरचं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. यालाच डबल क्लच म्हणतात. अंदाज चुकला की करकर. त्यामुळे पहिला प्रश्न असायचा: दोष दात्यात आहे की हातात?

हा प्रश्न सिंक्रोमेशने बराच सोडवला. कॅडिलॅक मोटारींत १९२८ मध्ये ही सोय आली. दाते भिडण्याआधी एक कडं घासून दोघांची गती सारखी करतं. ट्रकपर्यंत यायला तिला आणखी बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ मध्ये संपला, ट्रक मात्र राहिले. १२१०, १६१३ हे आकडे अजून हायवेवर ऐकू येतात. १६१३ म्हणजे मालासकट सोळा टन वजन आणि सुमारे १३० अश्वशक्ती. एकाच घराण्यातली ही गाडी गावोगाव पोचली, म्हणून गावोगाव मिस्त्री तयार झाले. कुठल्या पुस्तकाशिवाय, उस्तादाच्या हाताखाली.

त्यांचं निदानशास्त्र मी ढोकी रोडवरच्या गॅरेजात ऐकत आलोय. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबतेय? मग बहुधा गिअरबॉक्समधलं पुढचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होतोय? मग क्लचचं रिलीज बेअरिंग. गिअर आपोआप उडतोय? दाते झिजलेत, नाहीतर आतली स्प्रिंग मेली. मग ऑइल काढून बोटांत चोळायचं. पितळी चमक दिसली तर सिंक्रोची कडी झिजली, लोखंडाचे कण लागले तर दाते नाहीतर बेअरिंग. पाना हातात घेण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं.

ऑटोमॅटिकची कहाणी वेगळ्या टोकाला सुरू झाली. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी एक युक्ती शोधली. दोन पंखे समोरासमोर ठेवा, मध्ये तेल भरा. एक फिरला की तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. दात्याला दाता लागतच नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक बाजारात आणला, आणि दुसऱ्या महायुद्धात तोच स्टुअर्ट रणगाड्यांत बसला. आपल्याकडे असे ऑटोमॅटिक खाणींतल्या डंपरना लागले. त्यांचंही निदान तेलापासूनच सुरू होतं. तेल लाल असावं. काळं पडलं आणि जळका वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळल्या. इथवर नाक आणि डोळे पुरत होते.

लांब पल्ल्याच्या मालट्रकमध्ये मात्र एएमटी आला. हा आपला ओळखीचाच गिअरबॉक्स. फक्त क्लच आणि गिअर हलवायचं काम हवेच्या दाबावर किंवा विजेवर चालणारे यांत्रिक हात करतात. त्यांना हुकूम देतो एक कॉम्प्युटर. तो सेन्सरवर विसंबतो. त्यामुळे गिअर पडला नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेरही असू शकतो: कमी हवा, उतरलेली बॅटरी, सैल प्लग.

मागच्या हंगामात माझ्या चुलतभावाचा असाच ट्रक साखर भरून निघाला आणि येरमाळ्याजवळ हायवेवर उभा राहिला. डॅशबोर्डवर एक कोड लुकलुकत होता. आमचे मिस्त्री आले, हवा बघितली, बॅटरी बघितली, कान लावला. आवाज नव्हताच. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. गतीच्या सेन्सरची वायर चेसिसला घासून तुटली होती. जोडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ते काम मिस्त्रींनी डोळे झाकून केलं असतं, कुठली वायर एवढं कुणी सांगितलं असतं तर.

हे भांडण देशाने एकदा उघडपणे बघितलंय. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. काही कंपन्या अपिलात गेल्या. ते प्रकरण मोटारींचं होतं, पण अडचण हीच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. तुम्ही मोबाइलची स्क्रीन बदलताना ‘कंपनीचीच हवी’ हे ऐकलं असेल, तर हा वाद तुमच्याही ओळखीचा आहे.

मिस्त्रींच्या मुलाने आता ऑनलाइन एक स्कॅनर मागवलाय. कोड वाचता येतो. पण एएमटीची क्लच प्लेट बदलली, की क्लच नेमका कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावं लागतं, आणि ते त्याच्या स्कॅनरला जमत नाही. प्लेट बाप बसवतो, कोड मुलगा वाचतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी ट्रक टोचन करून शहरात जातो. कारखान्याचा भोंगा तोवर वाजलेला असतो.