फ्लाइंग राणी बनवायची, पण कुठल्या सालची?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पाल्हाळ थोडी छाटली आहे, बाकी जसंच्या तसं.)

लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका. आजचा विषय आहे डबे. रेल्वेचा इतिहास म्हटलं की सगळे इंजिनावर तुटून पडतात. इंजिनाला नंबर असतो, कधीकधी नाव असतं, त्याचे चाहते असतात. डब्याला कोण विचारतो? पण माणसं तर डब्यातच बसतात ना! कोण कुठे बसलं, कोणाला कुठे बसू दिलं नाही, किती जण किती जागेत कोंबले गेले, हा सगळा इतिहास डब्यात आहे.

मी कुंभवलीत राहतो. दिवसभर सॉफ्टवेअरचं काम, आणि रात्री जेवण झालं की टेबलावर छोट्या गाड्या. मॉडेल रेल्वे. खेळण्यातली झुकझुक गाडी नाही हं. खऱ्या गाडीच्या मापांना ८७ ने भागून बनवलेली. सध्या टेबलावर आहे फ्लाइंग राणीचा डबल डेकर डबा. सुरतेहून सकाळी मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी, आपल्या पालघर-बोईसरच्या रुळांवरून रोज दोनदा धावणारी ही गाडी. तुमच्यातल्या अनेकांनी ती पाहिली असेल, काहींनी तिच्या खालच्या मजल्यावर बसून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांचे पाय मोजले असतील. मी मोजलेत. खालच्या मजल्याची खिडकी प्लॅटफॉर्मच्या इतकी जवळ असायची की स्टेशन म्हणजे नुसत्या चपला आणि बॅगा.

आता गंमत बघा. "मी फ्लाइंग राणी बनवतोय" हे वाक्यच अर्धवट आहे. कुठली फ्लाइंग राणी? हे नाव पहिल्यांदा १९०६ चं. मग गाडी बंद. १ मे १९३७ ला बॉम्बे सेंट्रलहून नव्याने सुरू. महायुद्धाच्या काळात पुन्हा बंद, १९५० मध्ये पुन्हा सुरू. १९७६ मध्ये तिला फिकट आणि गडद हिरवा असा खास रंग मिळाला. १८ डिसेंबर १९७९ ला डबल डेकर डबे लागले. जुलै २०२३ मध्ये ते निघाले आणि एलएचबी डबे आले. नाव एक, मार्ग एक, आणि गाड्या निदान पाच. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर नाव म्हणजे प्रोजेक्ट, आणि मॉडेल कधीच प्रोजेक्टचं बनत नाही, ते एका व्हर्जनचं बनतं. आधी तारीख ठरवा, मग कटर हातात घ्या.

तारीख का एवढी महत्त्वाची, ते समजायला जरा घाटावर जाऊ या, कारण डेक्कन क्वीनची नोंद फार छान ठेवली गेली आहे. १ जून १९३० ला जीआयपी रेल्वेने ती सुरू केली. दोन रेक, प्रत्येकी सात डबे. एक रेक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे, म्हणजे अंडरफ्रेम, इंग्लंडमध्ये बनले आणि वरचे डबे आपल्या माटुंगा वर्कशॉपमध्ये. हे सगळं मॉडेलवाल्याला चॉकलेटच्या दुकानासारखं आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे.

या गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग नाहीच. म्हणजे देशातली बहुतेक माणसं ज्या वर्गाने प्रवास करत होती, तो वर्ग या गाडीला जोडलेलाच नव्हता. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गालाच पहिला म्हणायला लागले. तिसरा वर्ग आला जून १९५५ मध्ये. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं होत आली होती! आणि एप्रिल १९७४ पासून त्या तिसऱ्या वर्गाचं नाव दुसरा वर्ग.

आता विचार करा, तुम्ही १९४८ ची डेक्कन क्वीन बनवली आणि तुमच्या मित्राने १९५० ची. डबे तेच. पण तुमच्याकडे जो दुसरा वर्ग आहे, तो त्याच्याकडे पहिला. डब्यावरचा एक आकडा, मॉडेलवर जेमतेम मोहरीएवढा, आणि तो सांगतो की हा समाज कुठल्या साली कुठे उभा होता. म्हणून कोणी म्हणालं की "एवढ्याशा आकड्याने काय फरक पडतो", तर मी वाद घालतो. फरक तिथेच पडतो.

१९६६ मध्ये ते मूळ डबे गेले आणि पेरांबूरच्या आयसीएफ कारखान्यातले पोलादी डबे आले. गाडी सातवरून बारा डब्यांची झाली. हा बारा आकडा लक्षात ठेवा, माझ्या खोलीचा प्रश्न त्याच्याशी आहे.

आयसीएफचा डबा म्हणजे आपल्या आईवडिलांचा डबा. निळा, त्याआधी विटकरी-तपकिरी, आडव्या गजांच्या खिडक्या. १९५५ मध्ये तो कारखाना सुरू झाला, रचना स्वित्झर्लंडच्या श्लीरेन इथल्या कंपनीची. बफरपासून बफरपर्यंत लांबी २२,२९७ मिलीमीटर. भागिले ८७ केलं की सुमारे २५.६ सेंटीमीटर. बारा डब्यांचे होतात तीन मीटर सात सेंटीमीटर. माझी खोली आहे दहा बाय दहा फूट, म्हणजे तीन मीटर पाच. इंजिन तर अजून लावलेलंच नाही! त्यामुळे बहुतेक मॉडेलवाले सहा-सात डब्यांवर थांबतात आणि बाकीचे मनात जोडतात. मला यात काही गैर वाटत नाही, फक्त कोणते डबे गाळले हे लिहून ठेवावं. दोन पहिल्या वर्गाचे ठेवून गर्दीचे सगळे गाळले, तर गाडी दिसायला सुंदर होते आणि इतिहास खोटा होतो.

दुसरी तडजोड रुळांची. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटर. १:८७ मध्ये रुळांतलं अंतर १९.३ मिलीमीटर हवं. बाजारात मिळतात ते १६.५ चे, कारण ते युरोपच्या १,४३५ च्या गेजसाठी बनलेत. म्हणजे आपली गाडी अरुंद रुळांवर उभी, ढगळ शर्ट घातलेल्या बारीक माणसासारखी. रूळ बरोबर ठेवायचे असतील तर प्रमाण १:१०१.६ धरावं लागेल, आणि मग इंजिन, सिग्नल, माणसं सगळं स्वतःच बनवा. मी १६.५ च स्वीकारले. समोरून बघू नका, बाजूने बघा.

सामान कुठून आणायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. भारतीय डब्यांची तयार मॉडेल्स थोडीच, आणि जुन्या डब्यांची त्याहून कमी. चाकं मी बाहेरून मागवतो. धातूची, गोल आणि नीट फिरणारी चाकं घरी बनवणं वेळेचा अपव्यय आहे. बाकीचं बोईसरमध्ये मिळतं. भिंती दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे लेझरवर कापून घेतो, एक मिलीमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून. छप्पर आणि बोगीच्या बाजू थ्रीडी प्रिंट. खिडक्यांचे गज म्हणजे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची बारीक तार. एमआयडीसी शेजारी असण्याचा हा फायदा. शून्य पूर्णांक दोन मिलीमीटरची तार मागितली तर दुकानदाराने कुठल्या पंपाची मोटार जळली म्हणून विचारलं.

हो, बोगी शब्दाबद्दल एक खुलासा. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी, एका डब्याला दोन. आयसीएफ बोगीत दोन आसांमधलं अंतर २,८९६ मिलीमीटर. हा आकडा माझी फूटपट्टी आहे. डब्याचा बाजूने, सरळ समोरून काढलेला फोटो मिळाला की आधी हे अंतर मोजायचं आणि त्यावरून बाकीची मापं काढायची: खिडकी किती रुंद, पट्टा किती उंचीवर. चाकाचा व्यास मात्र फूटपट्टी म्हणून वापरू नका. नवं चाक ९१५ मिलीमीटरचं असतं, पण ते झिजतं आणि कारखान्यात पुन्हा घासलं जातं, पार ८२५ पर्यंत. फोटोतलं चाक नवं होतं की म्हातारं, हे तुम्हाला कोण सांगणार?

रंगाचा पुरावा तर त्याहून फसवा. १९३० च्या आसपासचे फोटो कृष्णधवल, आणि त्या काळच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल काळा यायचा आणि निळा फिकट. त्यामुळे जुन्या फोटोत गडद पट्टी दिसली म्हणून ती काळी होती असं समजू नका. रंग शब्दांत लिहिलेला असेल तर फोटोपेक्षा तो लेख धरा.

आता परत माझ्या टेबलावर. डबल डेकरची अडचण अशी की साधा डबा कापून-जोडून तो बनत नाही. वर विजेची तार, त्यामुळे उंची वाढवायला मर्यादा. मग दुसरा मजला आणायचा कुठून? खालून. दोन्ही टोकांना बोगीच्या वर जमीन नेहमीच्या उंचीवर, तिथेच दारं. आणि दोन बोगींच्या मधल्या भागात डब्याचं पोट खाली सोडलेलं, रुळांच्या जवळ. दारातून आत गेलं की दोन जिने: चार पायऱ्या उतरा किंवा चार पायऱ्या चढा. त्यात ही गाडी पूर्ण डबल डेकर कधी वाटायची नाही. वातानुकूलित चेअर कार आणि पहिल्या वर्गाचे डबे एकमजलीच होते. साहेब लोक एका मजल्यावर, आणि रोजचे पासवाले एकावर एक. डेक्कन क्वीनने ज्यांना सुरुवातीला जागाच ठेवली नव्हती, त्यांच्यासाठी इथे अख्खा मजला वाढवला. १९३० चे सात डबे आणि १९७९ चा एक डबल डेकर शेजारी ठेवले की मधली पन्नास वर्षं न बोलता दिसतात.

मॉडेल रेल्वे म्हणजे काय हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला, कर्वे रोडवर, जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या गाड्या, १९९८ पासून लोकांसाठी खुल्या. तिथे अख्खं शहर चालतं: सिग्नल, पूल, दिवे. माझ्यासारखी तारखेची कटकट तिथे नाही, आणि गाडी हलताना बघण्याचा आनंद आहे. दोन्ही हवं.

माझी तारीख ठरली आहे: डिसेंबर १९७९, डबल डेकरचा पहिला महिना. बाहेरची बाजू जमते आहे. अडलंय आतलं. शेवटच्या दिवसांचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण तोवर चव्वेचाळीस वर्षं गेली होती. त्यातली सीट, तो रंग, तो पंखा १९७९ चा धरता येत नाही. आणि फोटो काढणाऱ्यांनी फोटो काढले इंजिनाचे. जिन्याचा फोटो कोण काढणार? डबे निघाले म्हणजे आता जाऊन मोजायलाही वाव नाही.

म्हणून एक काम सांगतो. पालघर, डहाणू, वापी, वलसाड, सुरत, या पट्ट्यातल्या ज्यांच्या घरी काका, मावशी, आजोबा फ्लाइंग राणीने येजा करायचे, त्यांनी जुने अल्बम काढा. लग्नाला निघालेलं वऱ्हाड, ऑफिसच्या ग्रुपची सहल, सीटवर बसवलेलं बाळ, काहीही चालेल. मला माणसांच्या मागे काय आहे ते बघायचंय: सीटचं कापड, जिन्याचा कठडा, भिंतीचा रंग. नेहमीच्या पत्त्यावर पाठवा, आणि फोटोच्या मागे पेनाने तारीख लिहिलेली असेल तर ती बाजूही स्कॅन करा.