चाकसफाईचे ब्रश आणि साधने

मोटारीची रिम, टायर आणि चाकाच्या वरची कमान धुण्यासाठी लागणारे ब्रश, फडकी, बादल्या व द्रावणे यांचा हा संच. गाडीच्या बाकी अंगाला एक शॅम्पू आणि एक मऊ फडके पुरते. चाकाचे तसे नाही. रंगवलेला धातू, ब्रेकची उघडी लोखंडी तबकडी, रबर आणि प्लॅस्टिक हे सगळे तिथे वीत-दोन वितीत दाटीने बसलेले असते, आणि त्यावर चढणारी घाणही एका जातीची नसते. त्यामुळे घाण कशाची आहे आणि ती कशावर बसली आहे, एवढे पाहून ब्रश घ्यावा. दुकानात तो बहुधा मुठीचा रंग पाहून घेतला जातो.

नागपूरकडे पहिली घाण काळ्या मातीची. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते. पाणी लागले की ते फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. देशभरच्या मातीचे नकाशे तयार करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था (स्थापना १९७६) नागपुरातच, अमरावती रोडवर आहे. शहरातल्या गाडीवाल्याला मात्र या मातीची ओळख होते ती पावसाळ्यात, काटोल किंवा उमरेडकडच्या एखाद्या पांदण रस्त्याने जाऊन आल्यावर.

हा चिखल दिसतो टायरवर, पण त्रास देतो रिमच्या आत. रिमचा आतला भाग एखाद्या आखूड पिंपासारखा असतो. तिथे ओला चिखल थराथराने चिकटतो, गाडी रात्रभर उभी राहिली की खालच्या बाजूला ओघळतो आणि तिथेच घट्ट वाळतो. पन्नास-साठ ग्रॅमचा गोळा एका बाजूला बसला तरी चाकाचा तोल जातो. गावातल्या रहदारीत ते कळत नाही; ताशी ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तिथे मोटारींना १२०ची मुभा मिळाली. त्या वेगात ही थरथर हातापासून खांद्यापर्यंत जाते. गाडीवाला अलाइनमेंट बिघडली म्हणून दुकान गाठतो. चांगला कारागीर आधी रिमच्या आत बोट फिरवून बघतो.

या कामाला लांब दांड्याचा, गोल केसाळ ब्रश लागतो. तो आऱ्यांच्या फटीतून आत जाऊन पिंपाच्या मागच्या काठापर्यंत पोचला पाहिजे. छोट्या गाडीची रिम साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर रुंद असते. तिला वीतभर केसाळ भाग आणि वर धरायला मूठ एवढे बस झाले. हातभर लांबीचा ब्रश ब्रेकच्या कॅलिपरवर आपटत राहतो. घेताना त्याचे टोक बघावे. स्वस्त ब्रश पिळलेल्या तारेवर केस गुंफून केलेले असतात आणि टोकाशी ती तार उघडी असते. रबरी टोपी नसेल तर पहिल्याच फेऱ्यात रिमवर ओरखडा उठतो. आत चिकटवलेली शिशाची किंवा लोखंडी वजने असतात, तीही जपावी. जोर लावून घासताना एखादे निघाले की चिखल गेला तरी थरथर कायम.

अर्थात काळ्या मातीवर जोर लावायची वेळच येऊ नये. ती फुगणारी माती आहे. दहा मिनिटे भिजत ठेवली की आपणहून सुटते. कोरडीच घासली तर तिच्यातले चुनखडीचे बारीक खडे रिमवर रेघा ओढतात.

दुसरी घाण ब्रेकची. नागपूरच्या व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी मिनिटामिनिटाला ब्रेक दाबावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पॅड व तबकडी थोडी थोडी झिजते. हा लोखंडमिश्रित तप्त कीस रिमच्या पारदर्शक लेपात रुततो, पुढे गंजतो आणि तांबूस ठिपके धरतो. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तिथला कीस ड्रमच्या आतच राहतो. म्हणून पुढची चाके काळी आणि मागची तुलनेने गोरी दिसतात. रुतलेल्या कणांपुढे ब्रश हतबल असतो. थायोग्लायकोलेट क्षार असलेले लोहनाशक द्रावण फवारले की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ उतरतात. वास मात्र केस कुरळे करण्याच्या औषधासारखा उग्र असतो (रसायन त्याच घराण्यातले), त्यामुळे काम मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून करावे. हा कीस आता कायद्याच्याही नजरेत आला आहे: युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी धुराड्याबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली.

रिमच्या दर्शनी बाजूला मऊ ब्रश हवा. डुकराच्या केसांचा ब्रश जुना आणि अजूनही उत्तम, कारण केस टोकाकडे निमुळता होतो आणि पाणी धरून ठेवतो. उत्तर प्रदेशातले शेरकोट हे गाव रंगाच्या ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे; तिथल्या पद्धतीचा इंचभर रुंदीचा साधा ब्रश नटांच्या खळग्यांना छान चालतो, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळून घ्यावी. प्राण्यांचे केस नको असतील तर टोके चिरलेला कृत्रिम तंतू घ्यावा. परीक्षा दुकानातच होते: ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवावा, टोचला तर तो टायरचा, रिमचा नव्हे. तंतूही विचारून घ्यावा. नायलॉन झिजेला टिकतो, पण तीव्र आम्लात खराब होतो. पॉलिप्रॉपिलिन आम्लाला दाद देत नाही.

मुळात आम्ल या कामात नकोच. संडास साफ करायचे ऍसिड चाकावर ओतून पाच मिनिटांत चकाकी आणणारे महाभाग अजून भेटतात. ती चकाकी लेप खाऊन आलेली असते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऍलॉय पांढरट, मळकट होते. तारेचा ब्रश, तारेची घासणी आणि भांड्यांची हिरवी घासणी यांचीही तीच गत. साध्या लोखंडी रिमवर त्यांनी रंग निघतो आणि गंजाला वाट मिळते.

टायरला उलट कडक ब्रश पाहिजे. आखूड, ताठ नायलॉनचा चालतो. काथ्याचा ब्रशही चालतो आणि स्वस्त पडतो. टायरच्या कडेला येणारी तपकिरी छटा निव्वळ धूळ नसते. ओझोनने रबर तडकू नये म्हणून त्यात घातलेले रसायन हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवा लागून तपकिरी पडते. जुन्या पॉलिशचे थर त्यात भर घालतात. साबणाचा फेस तपकिरी येतो तोवर घासत राहावे, पांढरा आला की थांबावे. त्यानंतर पाण्यात मिसळलेले ड्रेसिंग फडक्याने पातळ लावावे. चकचकीत तेलकट प्रकार नागपूरच्या धुळीत दोन दिवसांत मातकट होतो आणि वेगात दारांवर उडतो. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर काहीच लावू नये, घसरण्याचा धोका असतो. ही नक्षी धुतल्यावर तिची खोलीही बघता येते. मोटारीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी.

वॉशिंग सेंटरमधल्या प्रेशर गनने कमानीतला चिखल झटक्यात जातो. टायरच्या कडेवर मात्र नोझल फूटभर लांब ठेवायला सांगावे. जवळून मारलेला झोत रबर आतून दुखावू शकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. घरी दोन बादल्या आणि बागेतला फवारणीचा हातपंप पुरतो. जुलै २०१९मध्ये पेंचचे तोतलाडोह धरण आटून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा बादलीने धुणाऱ्यांचे अडले नाही. शेतात तणनाशक मारलेला पंप मात्र या कामाला घेऊ नये.

चाके नेहमी आधी धुवावीत, अंग नंतर, आणि चाकाचा ब्रश किंवा बादली अंगाला लावू नये. ब्रेकचा कीस केसांत अडकून राहतो. हा क्रम खंडेनवमीच्या सकाळी हमखास उलटा होतो. हारफुलांची घाई असते, आधी बॉनेट चमकते आणि त्याच फडक्याने शेवटी चाके पुसली जातात. पुढच्या खेपेला तेच फडके बॉनेटवर फिरते.

मे महिन्यात काम पहाटे उरकावे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात तापलेल्या रिमवर द्रावण धुण्याआधीच वाळते आणि डाग पडतो. बोअरचे जड पाणी वाळले तरी क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून रिम कोरड्या फडक्याने लगेच पुसावी. ब्रश साध्या पाण्यात झटकून, केस खाली करून सावलीत टांगावा. गच्चीवर उन्हात राहिलेला पॉलिप्रॉपिलिनचा ब्रश ठिसूळ होतो आणि एका हंगामात केस गाळायला लागतो.