एक्सेलमध्ये आधार क्रमांक टाकला की मध्येच ‘ई’ कुठून येतो?

एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये १२३४५६७८९०१२ असा बारा अंकी आकडा टाकला की बऱ्याचदा १.२३४५७ई+११ असं दिसतं. फाईल बिघडली असं वाटतं, पण तसं नसतं. एक्सेलने ती संख्या वैज्ञानिक संकेतनात लिहिलेली असते. ‘ई+११’ म्हणजे ‘गुणिले १० चा ११ वा घात’.

या पद्धतीत संख्येचे दोन भाग होतात. पहिली संख्या १ किंवा त्याहून मोठी, पण १० पेक्षा लहान. दुसरा भाग म्हणजे १० चा घात. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर सुमारे १४,९६,००,००० किमी आहे. दशांशचिन्ह ८ घरं डावीकडे सरकवलं की ते १.४९६ × १०^८ किमी होतं. (इथे ^ या खुणेनंतरचा आकडा म्हणजे घातांक.)

लहान मापांसाठी चिन्ह उजवीकडे सरकतं आणि घातांक ऋण होतो. कोरोना विषाणूचा व्यास साधारण ०.००००००१ मीटर, म्हणजे १ × १०^-७. केसाची जाडी ०.००००८ मीटर धरली तर ८ × १०^-५. आता भागाकार सोपा: ८ ला १ ने भागायचं, घातांकांची वजाबाकी करायची, -५ वजा -७ म्हणजे २. उत्तर ८ × १०^२. केसाच्या जाडीत ८०० विषाणू शेजारीशेजारी मावतील! शून्यं मोजत बसलं असतं तर एखादं नक्की निसटलं असतं, आणि एक शून्य निसटलं की उत्तर दहापट चुकतं. ऋण घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे, हेही इथेच लक्षात येतं. विषाणू लहान आहे, शून्यापेक्षा कमी नाही.

गुणाकारात घातांकांची बेरीज होते. बातम्यांमधला ‘लाख कोटी’ म्हणजे १०^५ × १०^७, अर्थात १०^१२. इंग्रजी बातम्यांमधला ट्रिलियन तो हाच. बेरीज-वजाबाकी करताना मात्र आधी घातांक सारखे करावे लागतात: ३ × १०^५ अधिक २ × १०^४ म्हणजे ३.२ × १०^५, ५ × १०^९ नव्हे.

आपल्याकडे दहाच्या प्रत्येक घाताला नाव देण्याची जुनी रीत आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा नावं येतात, परार्ध म्हणजे १०^१७. पण एका मोलमधल्या कणांची संख्या ६.०२२ × १०^२३ आहे. तिथे परार्धही पुरत नाही, घातांक पुरतो.

आता पुन्हा एक्सेलकडे. आधारचे बारा अंक सेलमध्ये शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत. फॉरमॅट ‘नंबर’ केला की दिसतात. मात्र ‘ई+११’ दिसत असतानाच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर त्यात १.२३४५७ई+११ एवढंच उतरतं आणि पुढचे अंक जातात. सोळा अंकी खाते क्रमांकाची गत आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, सोळाव्या जागी ० बसवतं. लाभार्थ्यांच्या यादीत असं झालं तर पैसे अडकू शकतात. म्हणून आकडे भरण्याआधीच कॉलमचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करावा. नंतर बदलून सोळावा अंक परत येत नाही.