अंगठा कुणाचा, वही कुणाची?

परवा आत्याकडे बोईसरला गेलो होतो. स्टेशनबाहेर झेरॉक्स काढायला थांबलो, तर माझ्यापुढे एक विशीतला मुलगा. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान... सगळ्याच्या चार-चार प्रती. तारापूर एमआयडीसीत कामाला लागणार होता. मी विचारलं, "चार कशाला रे?" म्हणाला, "शेठनं सांगितलंय." शेठ म्हणजे लेबर कॉन्ट्रॅक्टर. त्या प्रती पुढे कुठे जाणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. आजवर मी दिलेल्या झेरॉक्स कुठे गेल्या हे मला तरी कुठे ठाऊक आहे म्हणा!

आत्याला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे हे नवीन नाही. तेव्हा अंगठा घ्यायचे, आता झेरॉक्स घेतात."

वाक्य डोक्यात बसलं, कारण त्यामागे या भागाचा इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी इथला वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. कर्ज लहानसं, पण कित्येकांचा जन्म त्यात गेला. किती राबलो, किती फिटलं, किती राहिलं, हे फक्त मालकाला माहीत. माहिती वारल्याची, वही मालकाची!

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात पुढे होते. त्यानंतर लग्नगडी मोकळे झाले. हिशेब तपासत कुणी बसलं नाही, वहीच अमान्य केली.

त्याच्या ७० वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा पुढे गावोगाव पसरला. गंमत बघा, त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. कागद हाती आले की जाळायचे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. आपली मान कुठे अडकली आहे, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना बरोबर कळलं होतं.

सरकारलाही कळलं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकाराला पावती देणं आणि खात्याचा वार्षिक हिशेब देणं भाग पाडलं. वही सावकाराकडेच राहिली, पण ती काय म्हणते हे विचारायचा हक्क कुळाला मिळाला.

आणि अंगठा? १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्या त्याने सही नाकारू नये म्हणून! म्हणजे ठसा सुरुवातीपासूनच देणाऱ्याला बांधण्यासाठी आहे. २९ सप्टेंबर २०१० ला आधारची सुरुवात झाली तीही आपल्या नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात. आज तुम्ही-आम्ही फोनवर न वाचता 'मान्य आहे' दाबतो, तेही अंगठ्यानेच. सगळेच अंगठेबहाद्दर!

आता २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती दुरुस्त करा, पुसून टाका, असं सांगायचा हक्क त्यात आहे. म्हणजे १८७९ चा उतारा नव्या रूपात आला म्हणायचा. पण दोन गोष्टी खटकतात. एक, हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. शेठच्या फायलीत नुसत्या कागदावर राहिलेली झेरॉक्स त्याच्या बाहेर. दुसरी, माहिती फुटली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सगळा सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

माहितीची 'मालकी' कुणाची यावर विद्वान भांडत राहतील. मला आपला सातबारा आठवतो. दप्तर तलाठ्याकडे, पण उतारा मला मिळतो आणि फेरफार करायचा तर संबंधितांना नोटीस काढावी लागते. माझ्या माहितीचाही असा सातबारा हवा. कुणाकडे आहे, कुणाच्या नावावर गेली, त्यावर कोण पीक घेतंय? हे कळलं की पिकातला वाटा मागता येईल. वही डोळ्यांना दिसलीच नाही, तर मागणार कशाच्या जोरावर?

असो. त्या मुलाला मी एवढंच सांगू शकलो, की प्रत्येक प्रतीवर 'फक्त नोकरीसाठी' आणि तारीख लिही. तो हसला. "शेठ घेईल का असं?" म्हणाला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?