बसऱ्याहून परतलेली माणसे

साताऱ्याच्या माणदेशी पठारावर, कोल्हापूरच्या नदीकाठी आणि सह्याद्री उतरून कोकणात गेल्यावर लागणाऱ्या कितीतरी खेड्यांतून, चावडीच्या अथवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी दगडी पाटी अद्यापि दृष्टीस पडते, आणि त्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास किती माणसे गेली व त्यांपैकी किती कामास आली, एवढेच दोन आकडे तिच्यावर कोरलेले असतात. गावाचे नाव आहे, साल आहे, संख्या आहे. परंतु ज्यांची ती संख्या, त्यांपैकी एकाचेही नाव नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या पलटणीच्या चाकरीपायी 'मिलिटरी' हा शब्द आपल्या नावाशी कायमचा जोडून घेतला आहे. सरकारने आकडा दगडावर लिहून आपले कर्तव्य संपवले; उरलेली हकीकत सांगण्याचे काम जे जिवंत परतले त्यांच्यावर आले, आणि ती त्यांनी कागदावर न लिहिता देवळाच्या पारावर, खळ्यात व पेन्शन आणण्यासाठी तालुक्याला जाताना वाटेत सांगितली.

या हकीकती लहानपणी ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना एक गोष्ट खचित आठवत असेल. 'जर्मनची लढाई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या युद्धाविषयी बोलताना वृद्ध पेन्शनर मारामारीचे वर्णन क्वचितच करीत. आपण किती शत्रू लोळवले हे सांगण्याची त्यांना हौस नसे; कोणी पोराने आग्रहाने विचारलेच, तर ते विषय बदलून पाण्यावर येत. तेथील नदीचे पाणी कसे गढूळ होते, चिखल पायाला कसा चिकटे, दुपारच्या उन्हात बंदुकीच्या नळीला हात कसा लावता येत नसे आणि रात्री तेथेच थंडीने दात कसे वाजत, भाकरीवाचून किती दिवस काढले, याच गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगत. इराकातील बसऱ्याला जहाजातून उतरल्यावर पुढे ज्या ज्या मुलखात ते लढले, तो सगळाच मुलूख त्यांच्या बोलण्यात 'बसरा' होऊन बसला होता. ऐकणाऱ्याला वाटे की म्हातारा मुख्य गोष्ट सांगायचे टाळतो आहे. आज तत्कालीन कागदपत्रांशी त्या गोष्टी ताडून पाहताना माझी अशी खात्री झाली आहे की तो मुख्य गोष्टच सांगत होता.

आपल्याकडे लढाईचा वृत्तान्त लिहिण्याची परंपरा जुनी आहे. परंतु बखर लिहिणारा हात बहुधा कारकुनाचा असे, आणि तलवार धरणारा हात निराळा असे. शिलेदार, बारगीर, प्यादे यांची स्वतःची साक्ष आपल्या दफ्तरांत फारशी नाही. हजेरीपटात त्यांचे नाव, रोजमुऱ्यात त्यांचा पगार आणि युद्ध संपल्यावर त्यांच्या बायकापोरांस मिळालेली नेमणूक, एवढ्यापुरतेच ते दिसतात. स्वतःच्या अनुभवाची साक्ष देणाऱ्यांत नाना फडणिसांचे छोटेसे आत्मचरित्र अपवादात्मक मानावे लागेल, आणि नाना तर लढवय्ये नव्हतेच. तरीही पानिपतावरून सुटका करून घेतलेला तो विशी न गाठलेला तरुण पुढे जेव्हा त्या दिवसांविषयी लिहू लागला, तेव्हा अंगावरची वस्त्रे टाकून, उपाशीपोटी, झाडाचा पाला खाऊन आपण कसे चालत राहिलो हे त्याने लिहिले. मुत्सद्दी असो की शिपाई, ज्याने रण पाहिले त्याची स्मृती प्रथम पोटाला आणि पायांना चिकटते, असे यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने बसऱ्याच्या मोहिमेला विशेष महत्त्व आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती घेणाऱ्या फौजेचा कणा म्हणजे हिंदुस्थानी लष्कराची सहावी, म्हणजेच पुण्याची डिव्हिजन होती. तीत १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. अकरा रुपये दरमहा पगारावर नाव घातलेले हे शिपाई जनरल टाउनशेंड यांच्या हुकुमाने टायग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या रोखाने वर सरकत गेले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्कांशी जी लढाई झाली तीत फौजेची इतकी हानी झाली की पुढे जाणे अशक्य होऊन माघार घ्यावी लागली. त्या माघारीत जखमी माणसांची जी दशा झाली ती पुढे इंग्लंडातील चौकशी कमिशनपुढे उघडकीस आली. इस्पितळाच्या सोयी असलेल्या बोटी नव्हत्या. नदीच्या गलबतांवर जखमी माणसे उघड्या फळ्यांवर दाटीवाटीने टाकलेली, त्यांच्या जखमा कित्येक दिवस न धुतलेल्या, आणि हगवणीने त्यांची अशी दैना झालेली, की बसऱ्याच्या धक्क्यावर ते पाहणाऱ्या एका लष्करी डॉक्टराने कमिशनपुढे दिलेली साक्ष वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९१७ साली त्या कमिशनचा अहवाल प्रसिद्ध होताच हिंदुस्थानमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. खेड्यातला पेन्शनर 'बोटीवर फार हाल झाले' एवढे म्हणून गप्प बसे, त्यामागे हे सारे होते.

परंतु या मोहिमेच्या स्मृतीचा गाभा म्हणजे कुतचा वेढा. माघार घेऊन आलेली फौज टायग्रिसच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावी थांबली, तुर्कांनी तिला वेढले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, ती तेथे कोंडून पडली. बाहेरून सुटका करण्यासाठी आलेल्या फौजेचे एकामागून एक प्रयत्न फसले; विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली, पण तोंडे इतकी होती की त्या पिठाने काही निभणे शक्य नव्हते; शेवटी धान्य भरून पाठवलेली 'जुलनार' ही बोटही एप्रिलच्या अखेरीस तुर्कांच्या हाती सापडली. शिधा कमी होत होत मूठभर पिठावर आला, आणि छावणीतील घोडे व खेचरे मारून खाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

इंग्रज शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास आरंभ केला. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी बराच काळ त्यास हात लावला नाही. सेनापतींनी बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून परवानगी मागवली, ती आली, ती वाचूनही दाखवली गेली, तथापि मन वळेना. जातभाई काय म्हणतील, परत गेल्यावर आपल्या मुलीबाळींची सोयरीक कोण करील, ही भीती भुकेपेक्षा मोठी ठरली. यात मराठा शिपायाची आणखी एक अडचण होती, आणि तिचा उल्लेख इंग्रजी ग्रंथांत सहसा आढळत नाही. ज्या समाजात दसऱ्याला घोड्याच्या कपाळी कुंकू लावून त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, ज्याच्या कुळकथांत घोडा हा धन्याचा सोबती म्हणून येतो, त्या समाजातील माणसाला घोडा खा म्हणणे म्हणजे घरातले माणूस खा म्हणण्यासारखेच होते. ताज्या भाजीवाचून व मांसावाचून स्कर्व्हीने हिरड्या सुजून माणसे मरू लागली, तेव्हा एप्रिलमध्ये अनेकांनी ते मांस खाल्ले. जे खाऊन जगले त्यांनी गावी परतल्यावर या गोष्टीविषयी मौन बाळगले असेल, तर त्यात नवल नाही. त्या मौनालाही साक्षीचेच मोल आहे, कारण ज्या गोष्टीची माणसाला सर्वांत अधिक आठवण असते तीच पुष्कळदा त्याच्या तोंडून येत नाही.

कुत पडल्यावर सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. सेनापतींना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर इतमामाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र वाळवंटातून शेकडो मैल पायी चालवून बगदाद रेल्वेच्या बांधकामावर लावण्यात आले, आणि त्यांतील हजारो वाटेतच किंवा कामावर मेले. बगदाद मार्च १९१७ मध्ये पडले. कैदी सुटून घरी यावयास १९१८ अखेर उजाडली. या मोहिमेत मेलेल्यांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळ उभारले गेले, आणि तेथेही आमच्या चावडीवरच्या पाटीचीच कथा झाली: इंग्रज शिपायांची नावे दगडावर कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली, पण हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ आकड्याने नोंदले गेले. हा भेदभाव होता हे युद्धस्मशानांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने २०२१ साली जाहीरपणे मान्य केले. शंभर वर्षांनी मान्य झालेली चूक ही चूकच. पण तोवर ज्यांना ती नावे ठाऊक होती ती माणसे निघून गेली होती.

फ्रान्सच्या रणांगणाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथून आलेली पत्रे उरली आहेत. खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेल येथील हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर घुसल्या आणि त्यांचे बहुतेक अंमलदार पडले, हे इतिहासात नमूद आहे. फ्रान्समधील हिंदी शिपायांची घरची पत्रे बुलोन येथील टपाल तपासणीच्या कचेरीतून जात. तेथे ती वाचली जात आणि त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरून अहवालास जोडले जात. ते उतारे लंडनच्या दफ्तरात जपून ठेवलेले आहेत. मूळ पत्रे बहुतेक नष्ट झाली. शिपाई बहुधा निरक्षर; तो सांगे, पलटणीतला लिहिणारा लिही, गावी कुलकर्णी किंवा मास्तर वाची, आणि मध्ये सरकारी अंमलदार कान देऊन उभा असे. इतक्या माणसांच्या हातून जाणाऱ्या पत्रात कोणी मनातले लिहील कसे? म्हणून ही पत्रे वाचताना त्यांतील साध्या वाक्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते: बैल विकू नका, पाऊस कसा झाला, मुलाला शाळेत घाला. सेनेच्या गुप्ततेला यांपैकी कशाचीच बाधा नव्हती, आणि लिहिणाऱ्याचा जीव याच गोष्टींत गुंतला होता.

चाकरीची आठवण कागदावर उतरवण्याचे काम आमच्याकडे आरंभी ज्यांनी केले, त्यांनी ते हौसेने केले नाही, हक्कासाठी केले. दापोलीचा कॅम्प हे एकेकाळी निवृत्त शिपायांचे वसतिस्थान होते. पलटणींतील कितीतरी महार पेन्शनर तेथे स्थायिक झाले होते, आणि रामजी सकपाळ हे सुभेदारही काही काळ तेथे राहिले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ साली विनंतीपत्र तयार करून आपल्या समाजाच्या चाकरीचा दाखला दिला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी त्याच मागणीचा अर्ज केला. महायुद्धात गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली, १९२१ मध्ये मोडली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. त्या अर्जदारांनी वाडवडिलांची मर्दुमकी आठवून सांगितली ती दरवाजा उघडावा म्हणून. स्मृती बोलली तर हकीकत राहते, लिहिली तर दाखला होतो, हे दापोलीच्या पेन्शनरांनी इतरांच्या आधी ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी साक्षरता वाढली होती, वर्तमानपत्रे खेड्यांत पोचली होती, आणि शौर्याच्या नोंदी सविस्तर प्रसिद्ध होत. एरिट्रियातील केरेनचा डोंगर १९४१ च्या मार्चमध्ये मराठा पलटणींनी चढला. त्यांपैकी दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुक पडल्यावर कैदेत गेली. इटलीत १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतील सारे सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनवर धाव घेतली आणि गोळ्या संपल्यावर बंदूक नळीने धरून दस्त्याने लढत प्राण दिले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमींना पाण्यातून व सुरुंगांतून उचलून आणले, हात जखमी झाल्यावर हातबॉम्बनी ठाणी मोडली, आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांचा रणघोष करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांची कबर अज्ञात आहे. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. सन्मानपत्राची भाषा त्या दहा मिनिटांचे चित्र अचूक काढते. त्यांच्या आधीचे महिने, तो पाऊस, तो चिखल, ती परकी द्राक्षमळ्यांची भूमी तीत नसते. हे लिहिण्याचे बळ सेनापतीला असते: आराकानात कांगावच्या लढाईत आपली बटालियन घेऊन लढलेले, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात यांनी 'माझी शिपाईगिरी' लिहिली. हवालदाराने आणि नाइकाने लिहिलेली अशी पुस्तके किती, हे शोधू जाता बोटांवर मोजण्याचीही वेळ येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अजून कोणी पेन्शनर, त्याची विधवा अथवा त्याची म्हातारी मुलगी असेल, त्यांनी एक काम करावे असे मला मनापासून वाटते. ट्रंकेच्या तळाशी पेन्शनबुक असते, जंगी इनामाचा कागद असतो, पदकाची फीत असते. ती बाहेर काढून पलटणीचा क्रमांक, जहाजात चढल्याचे साल, उतरल्याचे बंदर उतरवून घ्यावे, आणि मग किती मारले हे न विचारता पाणी कोठून आणीत, भाकरी कोण भाजी, आजारी पडल्यावर कोणी हात धरला, घरची चिठ्ठी किती महिन्यांनी आली, हे विचारावे. आणि जे सांगितले जाईल ते त्याच शब्दांत, म्हातारा जेथे थांबेल तेथे आपणही थांबून, लिहून ठेवावे. मग गावच्या त्या पाटीखाली, जेथे सरकारने केवळ संख्या कोरली, तेथे ग्रामपंचायतीने त्या माणसांची नावे लावावीत. आणि ज्या नावापुढे काहीच सापडणार नाही, तेथे निदान त्याच्या बापाचे नाव आणि घराची आळी तरी लिहावी, म्हणजे बसऱ्याच्या वाळूत हरवलेला तो माणूस आपल्याच वेशीत पुन्हा ओळखीचा होईल.